सगळ्या माणसांच्या वतीने इंग्रजीत लिहिताना

तुमच्या घरात कोणी दहावीला असेल, कोणी परदेशी शिकायला जाण्यासाठी आयईएलटीएसची तयारी करत असेल, तर त्यांची इंग्रजी निबंधाची वही एकदा मागून घ्या. विज्ञान शाप की वरदान, मोबाइल आणि माणूस, पृथ्वीचं भविष्य, असे विषय त्यात सापडतील. मग वाक्यं वाचा. 'ह्युमॅनिटी विल डेफिनिटली बी डिस्ट्रॉइड.' 'टेक्नॉलॉजी हॅज अनडाउटेडली मेड मॅन लेझी.' 'सर्टनली मॅन इज सेल्फिश.'

रागवू नका. इंग्रजी ठसक्यात लिहावं, असं मुलांना मोठ्यांनीच सांगितलेलं असतं. हे शब्दही वाईट नाहीत. ते कुठे शोभतात आणि कुठे अंगाशी येतात, हे मात्र कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. तुम्हाला इंग्रजी अस्खलित येत नसलं तरी हे काम तुम्हाला जमेल. त्यात व्याकरण थोडं आहे आणि विचार जास्त.

आधी शब्द पाहू. खात्री सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर 'सर्टनली', 'डेफिनिटली', 'अनडाउटेडली'. म्हणजे आपलं नक्की, निःसंशय. मधे 'प्रॉबेबली', म्हणजे बहुधा. खाली 'पॉसिबली', 'परहॅप्स', 'मेबी', म्हणजे कदाचित. रोजच्या लिखाणाला एवढे पुरतात.

'माझा भाऊ उद्या नक्की येईल' असं तुम्ही सहज म्हणता. भाऊ तुमचा आहे. त्याने तिकीट काढलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'सर्टनली' लिहिणं म्हणजे जामीन राहणं, आणि ओळखीच्या माणसाला जामीन राहायला हरकत नसते. पण 'ह्युमॅनिटी' म्हटलं की त्यात जगातली सगळी माणसं आली. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती ८०० कोटी झाली. होऊन गेलेली आणि पुढे जन्माला येणारी वेगळीच. एवढ्या सगळ्यांच्या वतीने सही करण्याआधी जरा थांबायला हवं.

थांबून काय करायचं, ते सांगतो.

पहिलं काम सोपं आहे. खात्रीचा शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. पुष्कळदा वाक्य आहे तसंच उभं राहतं. माणसाला जगायला पाणी लागतं, हे लिहिताना 'सर्टनली' कशाला हवं? ज्यावर कोणाचा वाद नाही, त्याला शपथ लागत नाही. उलट शपथ घातली की वाचणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी शंका असावी. म्हणून सगळ्यात पक्की वाक्यं मुलांना मोकळी लिहू द्या.

शब्द खोडल्यावर वाक्य लुळं वाटलं, तर दुसरा प्रश्न विचारा. हे आपल्याला कोणी सांगितलं? पुस्तकात वाचलं, शिक्षकांनी सांगितलं, फॉरवर्ड आला, की नुसतं मनात आलं? उत्तर मिळालं की शब्द आपोआप ठरतो.

जे घडून गेलं आणि तपासून झालं, तिथे 'सर्टनली' खुशाल लिहा. देवीचा रोग घ्या. निसर्गतः झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला. त्यानंतर देशोदेशी तपास झाला आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. माणसाने देवी नक्कीच संपवली, असं लिहिलंत तर तुमचा हात कोणी धरणार नाही. त्या एका शब्दामागे घरोघर फिरून लस टोचणाऱ्या हजारो माणसांचे पाय झिजलेले आहेत.

फार पूर्वीचं काही लिहायचं असेल, तर मात्र 'प्रॉबेबली' जवळ ठेवा. चार्ल्स डार्विनने १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' हे पुस्तक लिहिलं. माणसाचे पूर्वज कुठे राहत असावेत, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. गोरिला आणि चिंपांझी आफ्रिकेत राहतात आणि तेच आपले सगळ्यात जवळचे नातलग, म्हणून आपले पूर्वजही इतर ठिकाणांपेक्षा आफ्रिकेतच असण्याचा संभव जास्त, एवढंच तो म्हणाला. ठाम बोलला नाही. तोवर आफ्रिकेत माणसाच्या पूर्वजाचं एकही हाड सापडलेलं नव्हतं.

पुढे १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन या ठिकाणी एक कवटी मिळाल्याचं जाहीर झालं. पहिला माणूस आमच्याकडचाच, अशी तिथल्या अनेक विद्वानांची खात्री पटली. १९५३ साली उघड झालं की ती लबाडी होती. कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा. दरम्यान १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंग इथे एका लहानग्या पूर्वजाची खरी कवटी मिळाली होती. तरी तिचं महत्त्व पटायला बराच काळ गेला. २०१७ साली मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या हाडांचं वय सुमारे ३ लाख वर्षं निघालं. डार्विनचं 'बहुधा' टिकलं आणि पिल्टडाउनवाल्यांचं 'नक्की' चाळीस वर्षांनी फजित झालं. मुलांना ही गोष्ट सांगा. बहुधा म्हटल्याने माणूस लहान होत नाही, हे त्यांना लगेच कळेल.

आता भविष्य. इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं.

१९६८ साली पॉल एर्लिक या अमेरिकन प्राध्यापकांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक आलं. आता काहीही केलं तरी १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरतील, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं. भारताबद्दल तर त्यांना फारच कमी आशा होती. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामं, सगळं त्यांना आठवत असेल. हाल फार झाले. गुरं गेली, गावं उठली. पण लाखो हातांना सरकारी कामांवर मजुरी मिळाली आणि महाराष्ट्र त्या वर्षांतून तगून निघाला. त्याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्या दशकात जगात काही ठिकाणी दुष्काळाने माणसं मेली, हे खरं आहे. पण जे अटळ म्हणून लिहिलं होतं, ते तसं घडलं नाही. एर्लिक यांची काळजी खोटी नव्हती. तिला 'अटळ' हा शब्द जोडायला नको होता, असं मला वाटतं. कारण अटळ म्हटलं की ऐकणारा हातपाय गाळून बसतो.

याच विषयावर संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या मोजणारे आज कसं बोलतात पाहा. २०२४ च्या अंदाजात ते म्हणतात की जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात सुमारे १०३० कोटींवर जाऊन मग हळूहळू उतरू लागेल. आणि हा सर्वोच्च आकडा याच शतकात गाठला जाण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ८० आहे. म्हणजे २० वेळा तसं न होण्याला त्यांनी जागा ठेवली. निबंधात हे वाक्य 'प्रॉबेबली' घालून लिहिता येतं. 'डेफिनिटली' घातलं की ती २० ची जागा पुसली जाते आणि वाक्य खोटं होतं.

शब्दाबरोबर आकडा द्यावा लागतो, याला कारण आहे. प्रत्येकाचं 'बहुधा' वेगळं असतं. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात शर्मन केंट नावाचे अधिकारी होते. १९५१ साली त्यांच्या विभागाने एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असं लिहिलं. नंतर त्यांनी तो अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं की या शब्दांनी तुम्हाला किती शक्यता म्हणायची होती. उत्तरं १०० पैकी २० पासून ८० पर्यंत आली. एकाच कागदावर सह्या करणाऱ्यांचं हे, तर मग तुमच्या आणि वाचणाऱ्याच्या मनातलं 'बहुधा' एकच असेल, असं कसं धरून चालायचं?

या अडचणीवर सगळ्यात चांगला तोडगा हवामानाच्या अभ्यासकांनी काढला. तो मला फार आवडतो, म्हणून सावकाश सांगतो.

आयपीसीसी नावाची आंतरराष्ट्रीय समिती १९८८ साली स्थापन झाली. जगभरचे शास्त्रज्ञ तिचे अहवाल लिहितात. त्या अहवालांचा जो सारांश सरकारांसाठी असतो, तो सदस्य देशांचे प्रतिनिधी एकत्र बसून ओळ न् ओळ मान्य करतात. एकेका शब्दावर तासन् तास घासाघीस होते. तिथे 'लाइकली' म्हणजे काय, हे ठरलेलं आहे. १०० पैकी ६६ किंवा जास्त. 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० किंवा जास्त. 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे ९५ च्या वर. 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे ९९ च्या वर. शब्द हवा तसा वापरायची मुभा नाही.

आता एकच प्रश्न धरून चला. पृथ्वी तापते आहे, ती माणसामुळे का? १९९० च्या पहिल्या अहवालात त्यांनी कबूल केलं की निःसंदिग्धपणे सांगायला अजून दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागेल. १९९५ साली म्हणाले, पुरावे एकत्र पाहता माणसाचा हात जाणवतो. २००१ साली 'लाइकली' आलं. २००७ साली 'व्हेरी लाइकली'. २०१३ साली 'एक्स्ट्रीमली लाइकली'. आणि २०२१ साली, पहिल्या अहवालानंतर ३१ वर्षांनी, त्यांनी लिहिलं 'अनइक्विव्होकल'. म्हणजे निःसंदिग्ध. आता 'बहुधा' उरलं नाही.

एका वाक्यात माणसाचं नाव घालून त्याच्यापुढे खात्रीचा शब्द लिहायला जगातल्या जाणत्या लोकांनी तीस वर्षं घेतली. दरवेळी पुरावा वाढला तशी एक पायरी चढले. तुमच्या मुलीने आज निबंधात लिहिलं की माणसामुळेच पृथ्वी तापते आहे, तर तिला 'परहॅप्स' लावायची गरज नाही. तिथे कच खाल्ली तर तीही चूक. मागे पडलेला शब्द पुढे गेलेल्या शब्दाइतकाच दिशाभूल करतो.

याच समितीचा एकदा पाय घसरला, तेही सांगायला हवं. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या भागात असं वाक्य गेलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित आधीही, नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे. त्याला भक्कम आधारच नव्हता. आपल्याकडच्या भूशास्त्रज्ञांनीही त्यावर हरकत घेतली. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. हिमनद्या वितळत आहेत, ते खरंच आहे. चुकलं ते साल आणि त्यामागची खात्री. पण तेवढ्या एका वाक्याने बाकीच्या हजारो पानांवर लोक शंका घेऊ लागले. तुमच्या मुलाच्या निबंधाचंही असंच होतं. तपासणाऱ्याला एक वाक्य फाजील खात्रीचं दिसलं की तो पुढची चांगली वाक्यंही संशयाने वाचतो.

कधी कधी दोष खात्रीच्या शब्दात नसतो, कर्त्यात असतो. 'ह्युमॅनिटी इज डेफिनिटली अॅडिक्टेड टू मोबाइल्स.' इथे 'डेफिनिटली' बदलून 'प्रॉबेबली' केलं तरी वाक्य सुधारत नाही. जगात आजही दोनशे कोटींहून जास्त माणसं इंटरनेटपासून लांब आहेत. मुलाला म्हणावं तरी काय आहे? आमच्या वर्गातली बरीच मुलं रात्री उशिरापर्यंत फोन पाहतात, एवढंच. मग तसंच लिहू द्या. 'मेनी स्टुडंट्स इन माय क्लास.' वाक्य लहान झालं, पण त्याच्या मागे तो स्वतः उभा राहू शकतो. मग खात्रीचा शब्दही लागत नाही.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत खात्री बऱ्याचदा एका 'च'ने भागते. माणूस चुकणारच. इंग्रजीत असा 'च' नाही, म्हणून मुलं 'ओन्ली' चिकटवतात किंवा 'डेफिनिटली' वाक्याच्या शेवटी टाकून देतात. जागा नीट कळली की ही सवय सुटते.

वाक्यात 'विल', 'कॅन', 'हॅज' असं मदतीचं क्रियापद असेल, तर खात्रीचा शब्द त्याच्या लगेच नंतर. 'ह्युमॅनिटी विल प्रॉबेबली रीच मार्स.' अशी दोन असतील तर पहिल्याच्या नंतर. 'पीपल विल सर्टनली हॅव चेंज्ड बाय देन.'

मदतीचं क्रियापद नसेल, तर मुख्य क्रियापदाच्या आधी. 'अर्ली ह्युमन्स प्रॉबेबली लिव्ह्ड इन स्मॉल ग्रुप्स.'

'इज', 'आर', 'वॉज' असेल, तर त्याच्या नंतर. 'वॉर इज सर्टनली अ ह्युमन प्रॉब्लेम.'

नकार असेल तिथे थोडं जपा. 'वोंट' हे जोडरूप वापरलं तर शब्द त्याच्या आधी येतो, 'प्रॉबेबली वोंट'. सुटं लिहिलं तर मधे, 'विल प्रॉबेबली नॉट'.

'परहॅप्स' आणि 'मेबी' वाक्याच्या तोंडाशी बसतात. परीक्षेत 'परहॅप्स' बरं. 'मेबी' बोलण्यातलं आहे. ते एकत्र लिहायचं. 'मे' आणि 'बी' सुटे लिहिले की ते क्रियापद होतं.

'शुअरली' पाहून फसू नका. त्याचा अर्थ नक्की असा वाटतो, पण इंग्रजीत तो बहुधा समोरच्याचा होकार मागतो. 'शुअरली ह्युमॅनिटी कॅन डू बेटर' म्हणजे, माणसाला याहून बरं वागता येईल ना हो? खात्री द्यायची असेल तिथे 'सर्टनली'च लिहा.

'ऑब्व्हियसली' आणि 'क्लिअरली' जपून वापरा. ज्याला ती गोष्ट उघड वाटत नाही, त्याला ते टोचतं.

'मे डेफिनिटली' अशी जोडी कधी लिहू नका. एक शब्द सांगतो होईल न होईल, दुसरा सांगतो होणारच. 'मे पॉसिबली'ही नको, एकच गोष्ट दोनदा होते.

'डेफिनिटली'चं स्पेलिंग पुष्कळांचं चुकतं. 'एन'नंतर 'आय' येतो, 'ए' नाही. अक्षरं आणखी मागेपुढे झाली तर 'डिफायंटली' होतं, म्हणजे उद्दामपणे. संगणकाची तपासणी ते पकडत नाही, कारण तो शब्दही बरोबरच आहे.

आणि 'ह्युमॅनिटी' मानवजात या अर्थाने आली की आधी 'द' लागत नाही, क्रियापद एकवचनी येतं. 'ह्युमॅनिटी हॅज', 'ह्युमन बीइंग्ज हॅव'.

आयईएलटीएस देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यात निबंध किमान २५० शब्दांचा असतो आणि बऱ्याचदा प्रश्न असतो की तुम्ही कितपत सहमत आहात. 'कितपत' विचारलंय, हे विसरू नका. प्रत्येक परिच्छेदात 'अनडाउटेडली' लिहिलं तर 'कितपत'चं उत्तर राहूनच जातं. एखाद्या ठिकाणी ठाम रहा, एखाद्या ठिकाणी 'प्रॉबेबली' म्हणा, आणि दोन्हीचं कारण पुढच्याच वाक्यात द्या.

लिहिण्याइतकंच वाचतानाही हे सांभाळा. इंग्रजी बातमी मराठीत येताना पहिला बळी जातो तो 'प्रॉबेबली'चा. मूळ वाक्यात 'होऊ शकेल' असतं, ते ग्रुपवर येईपर्यंत 'होणार' झालेलं असतं. अमुक सालापर्यंत माणूस संपणार, अमुक औषधाने सगळ्या माणसांचा तमुक आजार जाणार, असं काही आलं की मूळ इंग्रजी वाक्य उघडा. त्यात 'मे', 'कुड', 'प्रॉबेबली', 'लाइकली' यांपैकी काही आहे का, ते शोधा. घरातलं पोर शोधून देईल. सापडलं तर पुढे पाठवताना तेही मराठीत आणा. औषधाची बाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातल्या गोळ्या बंद करू नका, बदलू नका. एका गळून गेलेल्या 'कदाचित'पायी तब्येतीचं नुकसान होऊ शकतं.

भाषांतराचं काम करणाऱ्यांनी, शाळेच्या नियतकालिकात लिहिणाऱ्यांनी, गावात विज्ञानावर बोलणाऱ्यांनीही एवढं करावं. 'लाइकली'ला 'शक्यता आहे' म्हणून सोडू नका, ते फार पातळ होतं. 'दाट शक्यता' म्हणा. 'पॉसिबल'ला 'शक्य आहे' पुरे. 'प्रॉबेबली' म्हणजे बहुधा, आणि त्यात 'ध' आहे, 'द' नव्हे.

परीक्षेत वेळ अपुरा असेल आणि यातलं काही आठवत नसेल, तर मुलांना इतकंच सांगून पाठवा. उद्याच्या माणसाबद्दल लिहिताना 'विल'नंतर 'प्रॉबेबली' घाल. कालच्या माणसाबद्दल लिहिताना कुठे वाचलं ते आठव आणि मग ठरव. आणि समोर दिसणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना 'ह्युमॅनिटी' लिहू नकोस, तो माणूस कोण आहे ते लिही.